मावशीचा खोकला

झाडं-पाखरं बोलायची तेव्हाची गोष्ट. म्हातारी सुगरण मावशी पिलांना घरट्याची गाठ शिकवायची. धाकटी ठकी मात्र चोचीत पातं धरायचीच नाही. "राघू ऐकतोय की, तो ठेवील ध्यानात!"

अंडी घालायची वेळ आली, तशी तिनं राघूला बोलावलं. राघूनं शब्दन् शब्द सांगितला, "पातं आतून घे, बाहेर काढ, खोक् खोक्, आता ओढ."

ठकीनं पातं घेतलं, बाहेर काढलं आणि मनापासून खोकली. पातं खाली! पुन्हा तेच. ती रडवेली झाली, "मावशे, अंडी कुठं ठेवू गं?"

मावशी हसली. "अगं बये, खोकला माझा, गाठ तेवढी तुझी! राघू, तू सांगत राहा बाबा, माझा घसा आता चालत नाही. ठकूबाई, तुम्ही चोच चालवा."

हळूहळू वाकडंतिकडं घरटं झुलू लागलं. राघू मधेच खोकायचा, पण ठकीची चोच काही उघडली नाही.