एकलाईला हूं म्हणणारी

ऐका एकलाई, तुमची कहाणी. नदीच्या वळणावर एक आटपाट गाव होतं. गावाच्या कडेला कुंभाराचं घर होतं. कुंभाराचं नाव सोनबा, बायकोचं नाव भिवरा. एक लेक होता, राघू. एक म्हातारी सासू होती.

भिवरेच्या घरी एकलाईचा वसा होता. तो कसा वसावा? वर्षाची पहिली माती खणून आणावी. तिचा गोळा पाटावर मांडावा, तीच एकलाई. हळदकुंकू वाहावं, उपास धरावा. दिवस मावळायच्या आत कहाणी सांगावी. समोर कुणीतरी बसवावं, त्यानं हूं म्हणावं, मगच घास घ्यावा. भिवरा कहाणी सांगे, सासू चुलीपाशी बसून हूं म्हणे. मधूनच पेंगे, पण पुन्हा जागी होऊन हूं म्हणे.

एका वर्षी सासू वारली. मग व्रताचा दिवस आला. नवरा आणि लेक मडकी घेऊन बाजाराला गेले होते. भिवरेनं माती आणली, गोळा मांडला, पूजा केली. आता कहाणी कुणाला सांगावी? मग ती तेलिणीच्या दारी गेली. "मावशे, माझी कहाणी ऐक." तेलीण म्हणाली, "घाणा चाललाय बाई. बैल थांबला तर फिरून हलायचा नाही." मग ती सोनारणीच्या दारी गेली. "काकू, माझी कहाणी ऐका." सोनारीण म्हणाली, "अगं, गेल्या साली ऐकली की. तीच ना?" मग ती पाटलिणीच्या दारी गेली. पाटलिणीनं आतूनच सांगितलं, "पाटलीणबाई घरी नाहीत." आता घरी नाहीत, तर मग बोललं कोण? पण मोठ्या घरी असं चालतं.

भिवरा परत आली. ऊन कललं होतं, पोटात कावळे ओरडत होते, मडकी भाजायचा आवा लावायचा राहिला होता. मग तिनं काय केलं? आपणच कहाणी सांगितली आणि आपणच हूं म्हटलं. भराभरा सांगितली, मधलं गाळलं, आणि जेवून घेतलं.

एकलाई रागावली नाही. तिला वाईट वाटलं. ती म्हणाली, "हिला हिचंच हूं पुरतं, तर राहू दे हिला तसंच."

मग काय झालं? नवरा बाजारातून आला. भिवरा म्हणाली, "अवं, हातपाय धुवा, भाकरी टाकते." सोनबानं वर पाहिलं नाही. मग लेक आला. "राघू, दमलास का रं?" लेक उत्तर न देता पुढं गेला. मग ती गोठ्यात गेली, गाईला हाक मारली. गाईनं कान हलवला नाही. भिवरा घरात होती, राबत होती, ताटं वाढत होती. तिचं बोलणं तेवढं कुणाला पोचत नव्हतं. एक दिवस सोनबा लेकाला म्हणाला, "तुझी आजी गेल्यापासनं घर कसं मुकं झालंय." भिवरा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ती ओरडली, "अवं, मी बोलतीया की!" बापलेक भाकरी खात राहिले.

पोरींनो, नुसत्या माना डोलवू नका. हूं म्हणा. कहाणी भिंतींना सांगायची नसते.

मग भिवरा घरातून निघाली. कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं. पाय चालले ते गावाबाहेर, मातीच्या खाणीकडे. तिथं एक म्हातारी बसली होती. गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती. समोर कुणी नाही, तरी बोलत होती. म्हणे, "आधी काहीच नव्हतं." मग थांबे. वाट पाही. पुन्हा म्हणे, "आधी काहीच नव्हतं." पुन्हा थांबे. भिवरेला गलबलून आलं. ती जवळ बसली आणि म्हणाली, "हूं."

म्हातारीनं मान वळवली. तिला ऐकू आलं होतं. मग ती पुढं सांगू लागली.

"आधी काहीच नव्हतं. नुसतं पाणी होतं, आणि पाण्यावर मी होते."

"हूं."

"मी बोलले. पाणी काही बोललं नाही. मग मी खेकड्याला बुडी मारायला लावली. त्यानं तळचा चिखल आणला. मी तो मळला, थापला, पसरला. त्याचे डोंगर केले. डोंगर काही बोलले नाहीत."

"हूं."

"मग झाडं केली. ती वाऱ्याशी बोलली. मग जनावरं केली. ती आपापसांत बोलली. मग माणसं केली. वाटलं, आता कुणीतरी माझ्याशी बोलेल. माणसं बोलली गं, पण आपलंच बोलत राहिली. कुणी म्हणालं, जग अंड्यातनं निघालं. दर्यापलीकडचे म्हणाले, माणूस मक्याच्या पिठाचा केला. वाळूतले म्हणाले, देवानं चाकावर घडवला. रानातले म्हणाले, भोपळ्यातनं बाहेर आला."

भिवरा म्हणाली, "मग खरं कुणाचं, आई?"

"सगळ्यांचं खरं. जिथं जे हाताशी होतं, तिथं ते घेतलं. कसं केलं, हे सगळे सांगतात. का केलंस, हे मला कुणी विचारलं नाही."

तेवढ्यात गावाकडून हाक आली. "आये! ए आये!" राघूचा आवाज होता. रडवेला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी भिवरेला हाक मारली होती. ती अर्धी उठली. म्हातारी म्हणाली, "जा बाई. लेकरू बोलावतंय. माझी कहाणी इथंच मोडते, मला सवय आहे."

भिवरेनं गावाकडं पाहिलं. आत्ता गेलं नाही, तर तो पुन्हा हाक मारेल का? लेक परत मुका झाला तर? पुन्हा हाक आली, "आये!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिला ठाऊक होतं, अर्ध्यावर एकटं टाकलं की कसं होतं. ती खाली बसली. म्हणाली, "आई, का केलंत एवढं सगळं?"

म्हातारीनं चिखलावरून हात फिरवला. मग म्हणाली, "एकटी होते म्हणून."

"हूं," भिवरा म्हणाली.

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "संपली माझी. आता तुझी सांग."

"माझी कसली कहाणी, आई? चिखलात हात घालणारी बाई मी."

"मीही तेच करते. सांग."

मग भिवरेनं सांगितलं. सासू गेली तेव्हा सगळे तिच्या लेकाचं सांत्वन करायला आले, सुनेला कुणी विचारलं नाही. सासू खाष्ट होती, तरी रोज विचारायची, जेवलीस का गं. आता कुणी विचारत नाही. सांगता सांगता ती रडली, अडली, पुन्हा बोलली. आणि एकलाई, जिनं डोंगर केले ती एकलाई, चिखलात बसून दर वाक्याला हूं म्हणत राहिली.

मग भिवरा उठली. "आई, पुन्हा येऊ का?" एकलाई म्हणाली, "ये. मी कुठं जायची आहे?"

भिवरा धावत घरी आली. राघू उंबऱ्यात बसला होता. "कुठं गेलीवतीस आये?" ती म्हणाली, "हितंच हुते रं." लेकानं ऐकलं आणि तिला मिठी मारली. आतून सोनबा बाहेर आला. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि विचारलं, "जेवलीस का गं?"

जसं एकलाईनं भिवरेचं ऐकून घेतलं, तसं तुमचं आमचं कुणीतरी ऐकून घेवो. ज्या घरी कुणी एकटं बसलं असेल, त्या दारी आपली पावलं वळोत. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचा उत्तरांत सांगितली, तुम्ही हूं म्हणालात, म्हणून सुफळ झाली, संपूर्ण झाली.