घटिकाबुवा समुद्र बघायला निघतात

फार फार वर्षांमागे, जनावरं बोलत असत आणि माणसांना ती ऐकायला सवड असे, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरमाथ्यावरच्या एका राजधानीत एक घटिकाबुवा राहत होते. पाण्याने भरलेल्या घंगाळात ते तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. वाटी हळूहळू भरून बुडाली की एक घटका झाली. मग ते घंटेवर टोल देत आणि वाटी रिकामी करून पुन्हा सोडत. चाळीस वर्षांत त्यांचा एक टोल चुकला नाही. आमच्या गावचे कोंबडेसुद्धा बुवांना विचारून आरवतात, असं लोक थट्टेने म्हणत.

बुवांना एकच वेड होतं, समुद्राचं. घाट चढून येणारे मीठवाले त्याचं वर्णन करू लागले की बुवा जेवण विसरत. पण जायचं नेहमी पुढच्या वर्षावर पडे. मग एक दिवस वैद्यांनी त्यांचे डोळे तपासले आणि सांगितलं, "बुवा, पडदा दाट होतोय. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माणसं आवाजावरून ओळखावी लागतील."

दुसऱ्या दिवशी बुवा राजापुढे उभे. "महाराज, आता मला मोकळं करा. दिसतंय तोवर समुद्र बघून येतो!"

राजाला कौतुक वाटलं. त्याने बुवांना शालजोडी दिली आणि सोबतीला एक म्हातारी घोडी दिली. तिने उभा जन्म राजाची डाक समुद्राकाठी पोचवली होती आणि तीही त्याच दिवशी चाकरीतून सुटली होती.

घरी शेजाऱ्यांचा गराडा पडला. कुणी म्हणालं जातं घ्या, कुणी म्हणालं पाट घ्या. बघता बघता सात गाठोडी झाली. घोडीने एकेक गाठोडं हुंगलं.

"बुवा, समुद्र बघायला चाललाय की तिथे संसार थाटायला?"

बुवा ओशाळले. पाच गाठोडी घरीच राहिली. "आणि वैद्यांच्या पुड्या गाठोड्यात नकोत, कनवटीला लावा," घोडी म्हणाली. "गाठोडं वाहून जाऊ शकतं, कनवट जात नाही."

पण घंगाळ आणि वाटी काही बुवांनी सोडली नाही. त्यांचा हिशोब पक्का होता: डाक पाच दिवसांत पोचते, आपणही पाच दिवसांत पोचायचं. दुपारी झाडाखाली वाटी सोडायची आणि ती बुडाली की उठायचं. बाकी दिवसभर चाल.

काय हुरूप होता त्यांना! पहाटेच्या वाऱ्यात ते तरण्यासारखे चालत होते. घोडी मात्र प्रत्येक गर्द झाडापाशी थांबे, दोन घोट पाणी पिई आणि मग पुढे निघे.

"अगं, दमलीस इतक्यात?"

"अजून नाही दमले," घोडी म्हणे, "म्हणून तर थांबते."

बुवांना हे आळशीपणाचं बोलणं वाटलं. तिसऱ्या दिवशी ते चिडले आणि घोडीला मागे टाकून भर उन्हात एकटेच घाट उतरू लागले. घसा कोरडा पडला, तरी वाटी सोडायची वेळ झाली नव्हती म्हणून ते थांबले नाहीत. एका वळणावर डोळ्यांपुढे काळोख दाटला आणि ते दगडांवर कोसळले.

शुद्धीवर आले तेव्हा घोडी सावली धरून उभी होती. एक लाकूडतोडी बाई त्यांच्या तोंडावर पाणी मारत होती. पाय सुजून भोपळा झाला होता. बुवा मुलासारखे रडले.

"संपलं गं. आता समुद्र काही दिसत नाही. चल, परत जाऊ."

घोडी म्हणाली, "बुवा, एक सांगा. वाटी बुडायच्या आधीच उचलून रिकामी केली तर?"

"तर ती तरंगतच राहील की. पुन्हा पुन्हा उचलली तर जन्मभर तरंगेल."

"मग स्वतःला बुडेपर्यंत का सोडता?"

बुवा हसले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मी डोकं चालवायचं चाळीस वर्षं वाटीवर सोपवलं होतं, असं ते म्हणाले. घंगाळ त्यांनी त्या बाईला देऊन टाकलं. वाटीचं भोक मेणाने बुजवलं आणि तिचं पाणी प्यायचं भांडं केलं.

चार दिवस ते बाईच्या झोपडीत राहिले. सूज उतरली. बाईने काठी दिली, ती त्यांनी न लाजता घेतली. मग पहाटे निघायचं, ऊन चढण्याआधी मुक्काम करायचा, तहान लागण्याआधी वाटीभर पाणी प्यायचं, उतारावर घोडीच्या आयाळीला धरायचं. वाट तीच होती, पण आता बुवांना वाटेवरचे मोर दिसू लागले, करवंदं दिसू लागली.

बाराव्या दिवशी सकाळी वारा खारट झाला. घोडीने कान टवकारले. बुवांच्या काळजाचे ठोके टोलांसारखे पडू लागले. शेवटची टेकडी ते जवळजवळ धावतच चढले.

समोर निळंच निळं! शिडं, फेस, आणि आभाळापर्यंत नुसतं पाणी!

"दिसतंय! अगं, सगळं दिसतंय!" बुवा काठी उंचावून ओरडले, टेकडी उतरले आणि गुडघाभर लाटेत जाऊन उभे राहिले. घोडीसुद्धा त्या दिवशी शिंगरासारखी उधळली.

पुढच्या उन्हाळ्यात बुवांची नजर गेली. तेव्हा ते परत आपल्या राजधानीच्या वेशीपाशी बसत आणि प्रवासाला निघालेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला थांबवून आपल्या वाटीने पाणी पाजत. "तहान नाही हो," असं कुणी म्हटलं, की म्हणत, "म्हणूनच प्या. मी असाच समुद्र गाठला, आणि तो अजून माझ्यापुढे लखलखतोय."

तात्पर्य: जो दमण्याआधी बसतो, तोच म्हातारपणी लांबचा पल्ला गाठतो.