न पुसलेला फळा

"चौथी शिकलेल्या झाडूवालीला चिनी काय कळतंय," म्हणून शाळेत माझं कुणी खरं मानलं नाही.

चिनी शिकवणारे विसपुते सर सांगायचे, घरी तेलुगू नाहीतर नेपाळी बोलणारी सातवीतली पोरं सगळं चुकीचं लिहितात. संस्थेचे अध्यक्ष शाळेतून काढायच्या त्या पोरांची यादी घेऊन वर्गात आले.

मी म्हटलं, "साहेब, आधी सरांना चिनीत 'चहा' लिहू द्या."

सरांनी ऐटीत लिहिलं. मग मी फळ्यावर टांगलेला नकाशा बाजूला केला. त्याखाली सरांनीच काल लिहिलेला 'चहा' मी राखून ठेवला होता. दोन्हींत एक रेघ जुळेना.

"फळा रोज मी पुसते, साहेब. यांचा चहा रोज निराळा असतो."

अध्यक्षांनी यादीतली पोरांची नावं खोडली आणि खाली एकच लिहिलं, मुकुंद विसपुते.