दोन्हीकडून सारवलेली भिंत

डोंगराच्या सोंडेवरच्या भिंतवाडीत शिरलं, की वाटेच्या मधोमध एक भिंत आडवी येते. तिला घर नाही. छप्पर नाही, दार नाही, कोपरासुद्धा नाही. पुरुषभर उंच, सात-आठ हात लांब अशी मातीची नुसती भिंत. पण दोन्ही अंगांनी काल सारवल्यासारखी नितळ.

या वाडीच्या बायांनी नाचणी, वरई आणि भाताच्या जुन्या जाती राखल्या आहेत, हे ऐकून लांबून माणसं येतात. लहानूबाईच्या अंगणात बसून चहा घेतात आणि म्हणतात, "आजी, तुमचं बियाणं दाखवा की."

"माझ्या घरात नाय ते," लहानूबाई समोरच्या घराकडे हनुवटीनं दाखवते. "तिथं आहे. चुलत जावेच्या घरी. अकरा वर्षं झाली, माझं-तिचं बोलणं नाय."

पाहुणे कप खाली ठेवतात.

"घाबरू नका. बोलणं नाय म्हणून तर तिथं ठेवलंय," लहानूबाई म्हणते आणि सांगू लागते.

फार मागची गोष्ट. आज जिथं ही भिंत आहे, तिथं म्हणे एक मोठं घर होतं. दोन भाऊ आणि त्यांच्या बायका त्यात नांदत. थोरली ठमा, धाकटी हौसा. भाऊ गरीब गाईसारखे, पण जावांचं एका जात्यावरून बिनसलं. आधी कुणी दळायचं यावरून निघालेली गोष्ट घर वाटून घेण्यावर गेली. वाटणीत दोघींनी जातंही वाटून घेतलं. ठमानं वरची तळी उचलली, हौसानं खालची. म्हणजे त्या दिवसापासून दोघींनाही दळता येईना. वाडी हसली, पण दोघींपैकी एकीनंही माघार घेतली नाही.

मग घराच्या मधोमध भिंत चढली. त्या घाईत हौसाची नाचणीच्या बियाण्याची कणगी ठमाच्या बाजूला राहिली. कणगी घरातच विणलेली, दारापेक्षा रुंद. ती बाहेर निघेना. वरून शेणमातीनं लिंपून बंद केलेली. पेऱ्याआधी फोडली तर बियाण्याला कीड लागते. लिंपण ओलं असताना हौसानं त्यावर आपला पंजा उठवला होता, तो वाळून पक्का झाला होता.

"राहू दे तिथंच," हौसा भिंतीपलीकडून ओरडली. "पण माझा पंजा मोडलेला दिसला, तर चोर म्हणून वाडीभर नाव करीन तुझं!"

"तुझ्या दाण्यावर थुंकतेय कोण!" ठमानं उत्तर दिलं.

त्यानंतर पाठोपाठ दोन वर्षं पाऊस फिरकला नाही, असं सांगतात. पहिल्या वर्षी लोकांनी साठवलेलं खाल्लं. दुसऱ्या वर्षी रानातले कडू कंद खणले, सात पाण्यांत उकळून खाल्ले. हौसाचा नवरा कामाच्या शोधात घाट उतरून गेला. घरात ती आणि चार वर्षांची लेक गोदी. एके दिवशी गोदीला उठून बसवेना, तेव्हा हौसानं मान खाली घातली आणि ठमाच्या दारात गेली.

"जाऊबाई, माझी कणगी फोडते. ओंजळभर पुरे. पोरीला पेज करते."

ठमा दारात आडवी उभी राहिली. तिचे डोळे खोल गेले होते.

"पेरायला ये. खायला येऊ नकोस."

"माझंच आहे ते!"

"म्हणून तर."

हौसाला ते कळलंच नाही. आपल्याच दाण्याला कुणी आपल्याला नाही म्हणू शकतं, याचाच तिला धक्का बसला. शिव्याशाप देत ती परतली. टाकळ्याची वाळली शेंग, कंद, मिळेल ते घालून तिनं पोरीला कसंबसं तगवलं. पण मनात एकच घोकत राहिली, ती खातेय, माझं बी ती खातेय. चैत्रात ठमाचा नवरा लुमा उपासमारीनं गेला. घरोघरी माणसं जात होती. हौसा रडली, पण भिंतीच्या अलीकडून.

पेरणीसाठी जमिनीवर पालापाचोळ्याचे राब भाजून झाले. पेऱ्याच्या आदल्या दिवशी साऱ्या बायांनी आपापलं बियाणं टोपलीत घालून देवीसमोर मांडायची रीत होती. त्या सकाळी बाया आल्या, फडक्यांनी झाकलेल्या टोपल्या घेऊन. हौसा तेवढी रित्या हातांनी आली. पुजाऱ्यानं पहिलं फडकं उचललं. खाली राख होती.

दुसरं उचललं, तर भुसा. तिसऱ्याखाली वाळू. मग बाया स्वतःच फडकी ओढू लागल्या. तीस टोपल्या, आणि एकीतही दाणा नाही. प्रत्येकीला वाटत होतं, पोरांच्या भुकेपायी आपणच तेवढं पाप केलं, बाकीच्यांकडे असेल, त्यांतून उसनं घेऊ. तीस बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. वाडी संपली होती, आणि ती कुणालाही न कळता, घराघरांत चुलीवर शिजून संपली होती.

ठमाच्या टोपलीतही राखच होती. ती पाहून हौसाच्या अंगाचा भडका उडाला. "जिनं स्वतःचं खाल्लं, ती माझं ठेवील होय?" ती पळत सुटली. मागून सगळ्या.

ठमाच्या घरात अंधार होता. कणगी जागेवर होती. हौसानं चाचपून पंजा शोधला. तो अखंड होता. तिनं त्यात आपला हात ठेवला, तर बोटांभोवती जागा उरली. हात तिचाच, पण दोन वर्षांत वाळून गेलेला. तिनं कणगीवर थाप मारली. आवाज भरीव आला.

मग तिला दिसलं, कणगीच्या एका अंगाला, बसल्या माणसाच्या पाठीएवढ्या उंचीवर, लिंपण घासून गुळगुळीत झालं होतं.

"हे काय?"

"ते इथंच टेकून बसायचे," ठमा म्हणाली. "शेवटपर्यंत."

"थोरल्या भाऊजींनी... मागितलं नाही?"

"एकदा मागितलं. मी म्हटलं, धाकलीचं आहे. मग नाही मागितलं."

हौसानं ठमाचे दंड धरले. "का पण? का नाही खाल्लंस?"

"आमचं होतं तोवर खाल्लं. आपल्याच दाण्याला कोण अडवणार? पण तुझं खाल्लं असतं, तर जन्मभर ऐकवलं असतंस मला." आणि ठमा पहिल्यांदाच रडली.

माया असती तर ती कणगी उरली नसती. मायेनं पोरीसाठी फोडली असती, नवऱ्यासाठी फोडली असती. उरली ती वैरामुळे. हे ज्या बायांच्या ध्यानात आलं, त्या म्हणे भरदुपारी अंगावर पदर ओढून उभ्या होत्या.

नाचणीचा दाणा मोहरीएवढा, थोड्या बियाण्यात बरंच रान पेरून होतं. हौसानं पंजावर दगड घातला आणि तीस टोपल्यांत ओंजळी टाकल्या. पहिली ठमाच्या. त्या वर्षी पाऊस आला, पीक आलं. कापणीच्या सकाळी हौसाच्या उंबऱ्यावर जात्याची वरची तळी ठेवलेली होती. कुणी ठेवली, हे तिनं विचारलं नाही.

बायांनी मिळून ठरवलं, की यापुढं आपलं बियाणं आपल्या घरात ठेवायचं नाही. जिच्यापुढं हात पसरायची लाज वाटेल, तिच्या घरी ठेवायचं. हौसा मधली भिंत पाडायला निघाली, तेव्हा ठमानं तिच्या हातातली कुदळ धरली. "राहू दे. हिनंच वाचवलं."

पुढं घर पडलं, भिंत मात्र बायांनी पडू दिली नाही.

"आणि आजी, वाडीत कुणाचं भांडणच नसलं तर?" एखादा पाहुणा विचारतोच.

"अजून तरी तशी पाळी आली नाय," लहानूबाई म्हणते.

आजही पेऱ्याआधी वाडीतल्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी ही भिंत सारवतात, एक या अंगानं, एक त्या अंगानं. मग एकजण दुसरीच्या दारात जाते आणि म्हणते, "पेरायला आले." एवढंच बोलायचं असतं. आतली बाई बाजूला होते. कणगीवरचा पंजा अखंड असतो. बाहेरची त्यात आपला हात ठेवून बघते.