बाईंना विचारायचे प्रश्न

एकदा एका विद्यापीठात, इतर गुरुवारांसारख्याच एका गुरुवारी, दुसऱ्या दिवशीच्या सार्वजनिक व्याख्यानाची तयारी चालली होती. चीनवरच्या व्याख्यानमालेतला हा विषय होता बौद्ध गुहाशिल्पे आणि तिथली राज्यसत्ता. शिष्य सभागृहात ध्वनिक्षेपक तपासत असताना फोन आला. व्याख्यान देणाऱ्या बाई पहाटे नागपूरला, राहत्या घरी वारल्या होत्या.

बाई त्याच्या मार्गदर्शक होत्या, आणि विभागातल्या वृद्ध आचार्यांच्या जुन्या विद्यार्थिनी. शिष्य खाली बसला नाही. बाईंचा कार्यक्रम बुडता कामा नये, एवढेच मनाशी धरून तो दिवसभर फोन करत राहिला. बदली वक्ता मिळेना. संध्याकाळी तो आचार्यांकडे आला.

"सर, तुम्हीच बोला. बाईंना हा विषय तुम्हीच शिकवलात."

"लोकांना येऊ दे," आचार्य म्हणाले. "मी व्यासपीठावर बसतो."

शुक्रवारी सभागृह भरले. श्रद्धांजली झाली. मग आचार्य म्हणाले, "आज व्याख्यान नाही. बाईंना जे विचारायला आला होतात, ते विचारा."

थोडी चुळबूळ झाली. एका मुलीने विचारले, "सम्राटाने बुद्धाच्या मूर्तीला आपला चेहरा दिला, तेव्हा भिक्षूंनी ते कसं चालवून घेतलं?"

"हे बाईंनी सांगितलं असतं," आचार्य म्हणाले. "पुढचा प्रश्न."

"आजच्या सरकारला धर्माचा धाक वाटतो, मग तेच सरकार या गुहा का जपतं?"

"हेही त्यांनाच विचारायचं होतं."

प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसणारे एक निवृत्त गृहस्थ उठले. "माझा प्रश्न तीन भागांत आहे. पण उत्तरच मिळणार नसेल, तर आपण वर कशाला बसला आहात?"

"ऐकायला," आचार्य म्हणाले. "तिन्ही भाग सांगा."

लोक कुरकुरत पांगले. शिष्य दाणदाण खुर्च्या मिटू लागला. "सर, एकाचं तरी उत्तर द्यायचं होतं. तुम्हाला काय येत नव्हतं?"

"माझी उत्तरं येत होती. बाईंची नव्हती." आचार्य सावकाश बोलत होते. "तीस वर्षं ती त्या मूर्तींपुढे उभी राहिली. माझ्यापेक्षा वेगळं काही तिला दिसलं असणार. मी बोललो असतो, तर लोक कार्यक्रम छान झाला म्हणून घरी गेले असते. आता त्यांना निदान कळलं, काय गेलं ते. माणसाची जागा इतक्या घाईने भरली, की तो गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. ही घाई तू कालपासून करतो आहेस. काल तू नागपूरच्या गाडीत असायला हवा होतास."

शिष्याचे हात थांबले. मिटलेली खुर्ची उघडून तो तिच्यावर बसला, आणि आचार्यही दिवे घालवायला उठले नाहीत.

पुढे ती व्याख्यानमाला त्याने पार पाडली. चीनच्या राजकारणावरचे आणि धर्मावरचेही कार्यक्रम वेळेवर झाले. बाईंच्या घरच्यांना भेटायला मात्र तो अजून गेलेला नाही.