पणजोबांची चौकट आणि दोन जातींचा वळू

"हा वळू माझ्या कळपात? दोन जातींचा? हाकलून द्या!" भर दरबारात महाराज गरजले.

वळू मीच निवडून आणला होता. मी म्हाळू, गडावरच्या कळपाचा गुराखी. उभ्या आयुष्यात डोकं वापरून केलेलं माझं हे एकच काम, आणि तेही अंगाशी आलं! आमच्या गडावरची गुरं ठेंगणी. कातळावर पाय घट्ट, पण जड ओझं दिसलं की बसकण मारतात. नदीकाठची गुरं थोराड, पण गड चढताना घसरतात. म्हणून बाप नदीकाठचा आणि आई गडावरची असलेला वळू मी शोधून आणला.

"सात पिढ्या शुद्ध राहिलेला कळप आहे हा!" महाराज म्हणाले. "दोन जाती एकत्र आल्या की दोन्हीकडचं वाईटच उतरतं."

"न... नाही महाराज, चां... चांगलं..." राजासमोर माझी बोबडी वळते, म्हणून तर मी बायकोला, कौतिकाला, सोबत आणलं होतं. "हा व... वळूच बघा की!"

"हा? याचे आईबाप कोणी पाहिलेत? विकणाऱ्याने सांगितलं आणि तू ऐकलंस! माझ्या गडावर जन्मलेलं, दोन्हीकडचं चांगलं घेतलेलं, चांगलं वाढलेलं वासरू उद्या सकाळी माझ्यासमोर उभं कर. नाहीतर वळू गडाखाली, आणि त्याच्यामागे तुम्ही दोघं!"

गाय गाभण राहणार, वासरू होणार, ते वाढणार, आणि हे सगळं उद्या सकाळी! गुरं राखण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही. तसं तेही जेमतेमच येतं. गडाखाली आम्हाला कोण विचारणार होतं? मला रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात कौतिका पुढे झाली. "म्हाराज, वासरूच पायजे, का दुसरं कुनी चालंल?"

"कुणीही चालेल! घोडा आण, बकरा आण! पण त्याचे आईबाप माझ्या ओळखीचे हवेत!"

"मग उद्या कशाला? आत्ताच दावते. फकस्त रागवायचं न्हाई, एवढं वचन द्या."

"दिलं!"

"म्हाराज, कपाळाला टेंगूळ कशाचं आलंय?"

टेंगूळ सगळ्यांना रोजच दिसायचं, पण विचारायची कोणाची छाती नव्हती. मी हळूच माझी मान चाचपून घेतली.

"या दाराची चौकट लागली," महाराज पुटपुटले. "आमच्या पणजोबांनी बसवलेली आहे. मी ती मोडू देणार नाही!"

"पणजोबांना लागायची?"

"छे! ते पागोट्यासकट ताठ आत यायचे."

"आन् आजोबांना? तुमच्या वडलांना, आबासाहेबांना?"

"कोणालाच नाही. आमच्या घराण्यात सगळे बेताच्या उंचीचे."

"मग तुमालाच का?"

"मी आईसाहेबांवर गेलोय! त्या नदीकाठच्या. त्यांच्या माहेरी सगळे ताडमाड!"

"आन् गडाच्या पायऱ्या पळत चढता, दम लागत न्हाई, ते वो?"

"ते आबासाहेबांकडचं! गडावरचे पाय आहेत हे! आईसाहेबांची उंची आणि आबासाहेबांचे..."

महाराज थांबले. त्यांनी कौतिकाकडे पाहिलं, बाहेर उभ्या असलेल्या वळूकडे पाहिलं आणि मग स्वतःचं टेंगूळ चाचपलं.

"गडावर जन्मलेले," कौतिका हळूच म्हणाली. "आन् आईबाप तुमच्या वळखीचे!"

मी डोळे गच्च मिटून घेतले. पण कानावर आलं ते महाराजांचं गदागदा हसणं!

"शुद्धपणाच्या एवढ्या गप्पा मारल्या, आणि पुरावा माझ्याच कपाळावर! म्हणजे गडाखाली आधी मलाच हाकलायला हवं!"

वळू कळपात गेला. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून कौतिकाला दिलं. मलाही बक्षीस मिळालं: यापुढे दरबारात माझ्या वतीने कौतिकानेच बोलायचं, असा हुकूम निघाला. एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

महाराज वळूला जवळून बघायला उठले, तसा मी वाट मोकळी करायला पुढे पळालो. माझे आईबाप दोघेही गडावरचेच, त्यामुळे मी पागोट्यासकट ताठ बाहेर पडलो. मागून धाडकन आवाज आला आणि पाठोपाठ महाराजांचं खो खो हसणं!

"कौतिका! हा घे, दुसरा पुरावा!"