नदी न ओलांडलेला जामीन

सगुणाची बांगड्यांची गाडी तीन दिवस करंजगडच्या जकात नाक्यावर अडकली होती. ती नदीपलीकडच्या राज्यातली कासारीण. वडिलांची नजर अधू झालेली. वर्षभर घडवलेला माल इथल्या लग्नसराईत खपला नाही, तर पुढच्या वर्षी भट्टी पेटणार नव्हती.

परक्या राज्यातल्या माणसाला करंजगडात दुकान मांडायचं, तर इथला जामीन द्यावा लागे. गिऱ्हाइकाची तक्रार आली, की त्यालाच जाब विचारायचा. पण मागं एक अत्तरवाला रंगीत पाणी विकून पळाला आणि त्याच्यापाठोपाठ जामीनही नदीपार झाला. तेव्हापासून धवलराजांनी हट्टानं अट घातली होती: जामिनानं जन्मात नदीपलीकडं पाऊल टाकलेलं नसावं.

सगुणा घरोघर हिंडली. निम्म्या गावाची सोयरीक पलीकडची. कुंभार माती तिकडून आणायचा, पुजारी फुलं. अंथरुणाला खिळलेले एक आजोबा तयार झाले, तर आजीनं आतून विचारलं, मग माझ्या माहेरी घोड्यावरून कोण आलं होतं?

चौथ्या दिवशी ती दरबारात गेली.

“मिळाला का जामीन?” राजांनी मिशीत हसत विचारलं.

“मिळाला, महाराज. आपणच!”

सगुणानं शांतपणे सांगितलं, की राजानं सीमा ओलांडली की ती स्वारी ठरते, म्हणून महाराज कधी तीर्थालाही पलीकडं गेले नाहीत. राणीसाहेब तिकडच्या, पण लग्नालासुद्धा महाराजांनी आपली तलवार पाठवली होती. तलवारीला माळ घालून वधू इकडं आली.

“म्हणजे माझी तलवार गेलीच ना पलीकडं?” राजांनी पेच टाकला.

“अट पाऊल टाकण्याची आहे, महाराज. तलवारीला पाय नसतात.”

दिवाणजींनी हसू दाबायला तोंडावर उपरणं धरलं.

“आणि तुझ्या बांगड्या तडकल्या, तर साऱ्या बायका भांडायला माझ्याकडं येतील, त्याचं काय?”

“गाऱ्हाणं घेऊन आता तरी दुसरीकडं कुठं जातात?”

राजे खदखदून हसले. तिथल्या तिथं परवान्यावर मोहोर उठली, आणि राणीवशातल्या सगळ्यांच्या चुड्यांचं काम सगुणाला मिळालं.

“हिचं दुकान वाड्याच्या दारासमोरच मांडा,” ते दिवाणजींना म्हणाले. “जामीन हाकेच्या अंतरावर असलेला बरा.”